रिकाम्या दोरीवरचे चिमटे

शिंपीणबाई आता कबूल करते. हसत हसत, ओठांत धरलेल्या टाचण्या काढून ठेवून कबूल करते, की समोरच्या म्हाताऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला तो चोरांचा खबऱ्या वाटला होता. साधासुधा खबऱ्याही नाही, टोळीचा मुख्य.

"तोंडच तसं आहे त्यांचं," ती म्हणते. "त्याला मी काय करू?"

तोंड तसं आहे, हे मात्र खोटं नाही. चाळीस वर्षं उजव्या डोळ्यात भिंग खुपसून बसल्यामुळे त्यांचा उजवा डोळा कायमचा बारीक झालाय आणि डावा त्याची भरपाई करायला मोठा झालाय. नुसतं "दूध आलं का?" विचारलं तरी समोरच्याला वाटावं, हा आपल्या कपाटाची किल्ली कुठे असते त्याचा अंदाज घेतोय. माणूस घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखाली, चार फुटांचं दुकान होतं. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून आयुष्य बसून काढलेलं. दुकान बंद केलं आणि म्हातारा घरी बसला. इमारतीतली पोरं त्याला टिकटिक आजोबा म्हणायची. शिंपीणबाई नुसतं 'टिकटिक' म्हणायची, तेही पाठीमागे. तोंडावर "काका".

इमारत घोड्याच्या नालासारखी. मधे फरशी घातलेला चौक, दोन्ही अंगांना घरं. दुसऱ्या मजल्यावर या अंगाला शिंपीणबाई, बरोबर समोर त्या अंगाला टिकटिक. मधे वीसेक पावलांची हवा आणि त्या हवेत कबुतरं. शिंपीणबाईच्या घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा येतो आणि आल्या आल्या घर लहान झालंय म्हणतो. नणंदेचं लग्न झालं नाही, तिला ते करायचंही नव्हतं. ती काजं करते, हातशिलाई करते, आणि वहिनीला चिडवते. तिन्ही कामं तिला फार सुरेख जमतात.

तर, चिमटे.

टिकटिकच्या गॅलरीत सात दोऱ्या होत्या. एकाखाली एक, वहीतल्या ओळींसारख्या ताणून बांधलेल्या. त्यांवर कपडे वाळत घालायचे चिमटे. लाल, निळे, हिरवे, पिवळे, पांढरे. आणि कपडा? एकही नाही. कधीच नाही. म्हाताऱ्याचे कपडे कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जायचे. म्हणजे कपड्यांशिवाय चिमटे लावणारा माणूस. आता तुम्हीच सांगा, असा माणूस दिसला तर सरळ मनाची बाई काय समजेल? आणि शिंपीणबाई काही फार सरळ मनाची नाही.

"वन्सं, हे बघा," ती एका सकाळी म्हणाली. "काल शेवटून दुसरी दोरी रिकामी होती. आज भरली."

"चिमटे वाळत घातले असतील," नणंद म्हणाली.

"थट्टा नको. रोज एक दोरी भरते. सातवी भरली की सोमवारी सगळ्या रिकाम्या, परत वरून सुरुवात. खूण आहे ती. कुणाचं घर रिकामं, कोण कधी बाहेर जातं, त्याची."

"आपल्याकडे चोरायला काय आहे? तुमची कात्री?"

शिंपीणबाईने कात्री उचलून पेटीत ठेवली आणि पेटीवर बसली.

इथपर्यंत सगळं गमतीतच चाललं असतं. पण त्याच आठवड्यात सेक्रेटरीने दाराखालून कागद सरकवला. हा सेक्रेटरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा, विमा कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. साधं "जिना झाडून घ्या" सांगायचं असलं तरी खाली सही-शिक्का. कागदात लिहिलं होतं की 'आपल्या शिलाई मशीनच्या अवेळी होणाऱ्या धडधडीमुळे रहिवाशांना त्रास होतो, भिंतींना हादरे बसतात, अशी तक्रार आली आहे. तीन आठवड्यांनी रविवारी बैठक आहे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास राहत्या घरात मशीन चालवण्याची परवानगी काढून घेण्यात येईल.'

शिंपीणबाईने कागद दोनदा वाचला. मग मशीनकडे बघितलं. पायाचं मशीन. तिच्या सासूचं. बावीस वर्षं त्याच खिडकीशी. बाहेर जागा घेऊन बसायची तिची ऐपत नव्हती आणि घरातून मशीन गेलं की काम गेलं, इतकं सोपं गणित होतं ते.

ती तशीच तिसऱ्या मजल्यावर गेली.

"पायाच्या मशीनने भिंत हादरते? मी शिवते का पाया खणते?"

"तक्रार आली आहे, बाई."

"कुणाची?"

"नाव सांगता येत नाही."

"अवेळी म्हणजे कधी?"

"ते बैठकीत बघू," सेक्रेटरी म्हणाला, आणि दार लावता लावता पुढे जोडलं, "नोंदी ठेवणारे ठेवतात."

हे शेवटचं वाक्य त्याने उगाच, वजन यावं म्हणून टाकलं होतं, हे पुढे कळलं. पण शिंपीणबाईच्या कानात ते गेलं आणि तिथेच घर करून बसलं. नोंदी ठेवणारे. जिना उतरताना तिची पावलं मंदावली. दुसऱ्या मजल्यावर ती कठड्याशी थांबली आणि समोर बघितलं. टिकटिक गॅलरीत उभा होता. त्याच्या शर्टाच्या खालच्या काठाला, गोल, झालरीसारखे चिमटे लावलेले. मोठा डोळा थेट तिच्या खिडकीवर.

त्या दिवसापासून पाळत उलटी सुरू झाली.

नणंदेला कामाला लावलं. "वन्सं, तुम्ही फक्त त्याच्या शर्टावरचे चिमटे मोजायचे." नणंदेने कुरकुर केली, पण मोजले, कारण काज करता करता दुसरं काही बघायला नव्हतंच. दहा वाजता चार चिमटे. बाराला सहा. संध्याकाळी सहाला बारा. आठला चौदा. म्हणजे सकाळी सहापासून दर तासाला एक. रात्रीच्या स्वयंपाकाला दोघी आत गेल्या की म्हातारा शर्टावरची झालर उतरवून दोरीवर लावायचा, आणि सकाळी दार उघडावं तर नवी ओळ तयार. चौदा तासांचे चौदा चिमटे.

"बघितलंत? तासातासाची नोंद. आता बोला."

"बोलू काय? मला तर तो शर्टच आवडला," नणंद म्हणाली.

सोमवारी सगळे चिमटे उतरतात, म्हणजे पुरावा पुसला जातो, हे शिंपीणबाईच्या लक्षात आलं. मग तिने स्वतः नोंद करायची ठरवली. लिहायचा तिला कंटाळा. गिऱ्हाइकांची मापंसुद्धा ती वहीत लिहीत नाही, सुतळीला गाठी मारून ठेवते. छातीची सुतळी वेगळी, कमरेची वेगळी. कोणती सुतळी कुणाची ते तिला एकटीला कळतं. तसंच इथे. पांढऱ्या मांजरपाटाचा एक तुकडा घेतला आणि रोज सकाळी, समोर बघत बघत, दोरीवर जसे चिमटे दिसतील तसे टाके घातले. लालला लाल दोरा, निळ्याला निळा. पांढरा चिमटा असेल तिथे जागा मोकळी. आरपार टाके, पक्के, मागे गाठ मारलेले. एका दिवसाची एक ओळ. डावीकडून सुरुवात, कारण सुरुवात डावीकडूनच करतात.

दहा-बारा दिवसांत कापडावर नक्षी उमटली. उगाच कशाला खोटं बोला, दिसायला छान होती. नणंद म्हणाली, "याची उशी करूया." शिंपीणबाईने तिच्याकडे असं बघितलं की उशीचा विषय तिथेच मिटला.

आता रंगांचा अर्थ लावायचा होता. शिंपीणबाईने सापळा रचला. एका गुरुवारी मशीनला हातच लावायचा नाही असं ठरवलं. गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं, आणि दिवसभर दोघी बायका गप्प बसून हातशिलाई करत राहिल्या. ती सवय नसल्यामुळे शिंपीणबाईचा पाय रिकाम्या फरशीवरच हलत होता. नणंदेला तिने गुणगुणायचीसुद्धा बंदी केली होती.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दारावर थाप पडली.

दारात टिकटिक. धापा टाकत. त्या अंगाचा जिना उतरून, चौक ओलांडून, या अंगाचा जिना चढून आलेला. शर्टाला झालर, आणि त्या झालरीत पुढचे दोन लाल सोडले तर सगळे पांढरे चिमटे. एक हात त्याने पाठीमागे धरलेला.

"आज मशीन बंद आहे?" त्याने विचारलं.

बघा धीटपणा. शिंपीणबाई दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिली.

"का? तुम्हाला काही शिवायचंय?"

"नाही. मशीन बंद होतं, म्हणून."

"बंद असेल, नाहीतर चालू असेल. माझं मशीन आहे."

"हो, हो. तुमचंच." तो आत डोकवायचा प्रयत्न करत होता. लहान डोळा मिटलेला, मोठा उघडा. "तब्येत वगैरे ठीक?"

"ठणठणीत."

"मग ठीक," असं म्हणून तो वळला आणि कठडा धरत धरत उतरायला लागला. नणंद आतून म्हणाली, "अहो वहिनी, पाणी तरी विचारायचं." शिंपीणबाई म्हणाली, "पाणी? पुढच्या वेळी त्याला चावी पण देते."

शुक्रवारी सकाळी दोरीवर एकही निळा चिमटा नव्हता.

झालं. निळा म्हणजे मशीन. तिने कापड पसरलं आणि मागच्या ओळी वाचायला घेतल्या. पहिला टाका सहाचा, दुसरा सातचा, तिसरा आठचा. आणि निळा कुठे सुरू होत होता? तिसऱ्या टाक्याला. एक मंगळवार सोडला तर रोज. म्हणजे म्हाताऱ्याच्या हिशेबाने तिचं मशीन सकाळी आठला सुरू व्हायचं.

"आठला?" तिचा आवाज चिरका झाला. "मी बावीस वर्षांत दहाच्या आधी मशीनवर बसले नाही. सकाळच्या उजेडात कापणं, दहानंतर शिवणं. खोटं रचतोय हा माणूस. अवेळी, अवेळी म्हणतात ते हेच."

"आणि संध्याकाळी चारलाच संपवतो तो तुमचं काम," नणंद कापडावर वाकून म्हणाली. "तेवढं तरी तुमच्या सोयीचं आहे."

"आणि शेवटचे दोन लाल बघा. रोज संध्याकाळी सहा ते आठ. लाल म्हणजे धोका. काय धोका आहे संध्याकाळी? मी भाजी चिरते तो?"

मंगळवारची ओळ बघितल्यावर तर तिला हसूच आलं. त्या मंगळवारी ती दहा ते एक मशीनवर होती आणि जेवण न करता बटणवाल्याकडे गेली, ती संध्याकाळी परतली. म्हाताऱ्याने निळे तीन लावले होते खरे, पण कुठे, तर दुपारी एक ते चार. सापडला. एक ते चार ती बटणवाल्याच्या स्टुलावर बसून शिंपल्याच्या बटणांवरून वाद घालत होती, आणि त्याला साक्ष बटणवाला, त्याची आई आणि त्यांचं मांजर.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिने त्या कापडाला चारी बाजूंनी छान दुमड घातली. पुरावा झाला तरी काठ सुटलेला तिला चालत नाही.

रविवारी अकरा वाजता खालच्या चौकात खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरी टेबलाशी. तळमजल्यावरचे मास्तर आणि त्यांची बायको पुढे. टिकटिक मागे, भिंतीला टेकून, रविवार असला तरी शर्टाला पाच चिमटे. सेक्रेटरीने तक्रार वाचली. मग म्हणाला, "बाईंचं म्हणणं आहे की मशीन दहाच्या आधी सुरू होत नाही. पण त्याला पुरावा काय? सकाळी सहा वाजता ऑर्डरी उरकत नसतील कशावरून?"

"पुरावा आहे," शिंपीणबाई उठली. "पण माझा नंतर. आधी त्यांचा." आणि तिने टेबलावर कापड पसरलं. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

"हे काका गॅलरीत चिमट्यांनी माझी नोंद ठेवतात. तक्रार कुणी केली ते मला कुणी सांगायला नको. एकोणीस दिवसांची नक्कल आहे ही, त्यांच्याच दोरीवरून. निळा म्हणजे माझं मशीन. आणि ही नोंद सपशेल खोटी आहे. हा मंगळवार बघा. एक ते चार मशीन चालू दाखवलंय. एक ते चार मी बटणवाल्याकडे होते. बोलवू त्याला?"

टिकटिक भिंत सोडून पुढे आला. रागावलेला नव्हता. उलट दुकानात कुणी जुनं, चांगल्या घराण्यातलं घड्याळ आणावं तसा त्याचा चेहरा झाला होता. तो कापडावर इतका वाकला की नाक दोऱ्याला लागलं.

"एकोणीस दिवस," तो म्हणाला. "माझ्याकडे सातच राहतात. चिमटे पुरत नाहीत." मग बोट फिरवत गेला, थांबला, परत आला. "पण बाई, हे उलटं आहे."

"उलटं तुमचं मन आहे."

"माझी सकाळ माझ्या डाव्या हाताला असते. तुम्ही समोर राहता."

असं म्हणून त्याने कापडाचं टोक धरलं. हात लटलट कापत होता, दोनदा टोक सुटलं. शेवटी मास्तरांच्या बायकोने दुसरं टोक धरलं, दोघांनी मिळून पान उलटावं तसं कापड उलटलं, आणि मागची बाजू वर आली.

आरपार टाके. तीच नक्षी, पण आरशातली. निळा पाचव्या टाक्याला सुरू. दहा वाजता. तो बंद मशीनचा गुरुवार सोडला तर सगळ्या ओळींत दहा वाजता. मंगळवारी दहा ते एक, पुढे काही नाही. आणि लाल टाके शेवटून उठून पहिल्या दोन जागी येऊन बसलेले. सकाळी सहा ते आठ.

शिंपीणबाईने टाक्यांवरून बोट फिरवलं. नणंदेने खडूची खूण चुकीच्या बाजूला केली की दिवसभर तिचं डोकं खाणारी बाई ती. कापडाची उलटी-सुलटी बाजू ती अंधारातसुद्धा बोटांनी ओळखते. आणि एकोणीस दिवस ती उलटी बाजू वाचत बसली होती. मागून नणंदेचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता हे घरातल्यांना कळलं असतं.

"म्हणजे मशीन दहाच्या आधी एकदाही नाही," मास्तर हळूच म्हणाले.

"एकदाही नाही," टिकटिक म्हणाला.

सेक्रेटरीने चष्मा काढला. "तुम्ही हे वहीत का नाही लिहीत? चिमटे म्हणजे काय नोंद झाली?"

टिकटिकने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. तो हात सगळ्यांनी बघितला. "चिमटा दाबता येतो," तो म्हणाला. "पेन्सिल नाही धरता येत. म्हणून तर दुकान बंद केलं." मग जरा थांबून, "चाळीस वर्षं लोकांचा वेळ दुरुस्त केला. घरी बसलो तर माझा दिवस कुठे जातो तेच कळेना. सकाळ व्हायची आणि रात्र व्हायची. मग ठरवलं, त्या तासात जास्त काय ऐकू आलं त्याचा एक चिमटा. कान अजून चांगले आहेत."

"हिरवा?" कुणीतरी विचारलं.

"पोरं. संध्याकाळी, जिन्यात."

"पिवळा?" हे नणंदेने विचारलं.

म्हाताऱ्याने लहान डोळा आणखी लहान केला. "दुपारी एक ते दोन, भांडी पुसताना तुमच्या घरात कुणीतरी गातं."

"बघा वहिनी, मी नोंदीत आहे," नणंद म्हणाली, आणि पदर नीट केला.

"आणि लाल?" मास्तरांनी विचारलं. मास्तर आता उभे राहिले होते.

"ते मला ओळखू येत नाही. महिनाभरच येतंय. पण लोखंड लोखंडावर घासतंय. दुकानात आलं असतं तर म्हटलं असतं, तेल नाही आणि एक दात मोडलाय."

"सहा ते आठ," मास्तरांची बायको म्हणाली. "अहो, तेव्हाच तर आपले कप कपाटात वाजतात." आणि मग तिच्या लक्षात आलं की तिने काय सांगून टाकलं, आणि ती शिंपीणबाईकडे वळली. "तक्रार आमचीच हो. पण आम्ही फक्त आवाज येतो एवढंच लिहिलं होतं. मशीन आम्ही नाही लिहिलं."

सगळ्या माना टेबलाकडे वळल्या. 'मशीन' ज्याने लिहिलं त्याने कागद सरळ करायला घेतले.

महिन्याभरापूर्वी इमारतीत एकच नवी गोष्ट आली होती. पाण्याचा पंप. सेक्रेटरीने स्वतः पसंत केलेला, स्वतः बसवून घेतलेला, आणि रोज सकाळी सहा ते आठ स्वतः चालवत असलेला. पंपाची खोली मास्तरांच्या कपाटाला लागून. तो आजपर्यंत त्या पंपाला "बिनआवाजाचा" म्हणत होता, कारण तिसऱ्या मजल्यावर तो ऐकूच यायचा नाही.

"चालवून बघा की," शिंपीणबाई म्हणाली. आवाज अजून बारीक होता, पण सापडला होता.

सेक्रेटरी नाइलाजाने उठला. खोलीचं दार उघडलं, खटका दाबला. आधी घरघर, मग धडधड, आणि मास्तरांच्या घरातून कपांचा किणकिणाट. टिकटिकने डोळे मिटले, मान तिरकी केली आणि एक बोट वर केलं.

"हाच," तो म्हणाला. "लाल."

परवानगीचा विषय त्या दिवशीच्या इतिवृत्तात आलाच नाही. पंपवाल्याला बोलावण्याचा आला.

शिंपीणबाईने म्हाताऱ्याला चहाला बोलावलं. माफी मागायचा तिचा स्वभाव नाही, म्हणून तिने चहात साखर जास्त घातली. टिकटिक मशीनशेजारच्या खुर्चीवर बसला. नणंदेने बशी त्याच्या हातात न देता शिवणाच्या फळीवर ठेवली, आणि तो वाकून प्यायला.

"त्या गुरुवारी काय म्हणून आला होता?" शिंपीणबाईने विचारलं. अजून थोडा संशय शिल्लक होताच. सवयीचा.

"एका दिवसात नऊ पांढरे झाले होते, काहीच ऐकू न आलेले. तेही ओळीने. दुकान बंद केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात तसे यायचे. म्हटलं, बाई पडल्या-बिडल्या की काय."

शिंपीणबाईने बिस्किटांचा डबा उघडून त्याच्यासमोर सरकवला, आणि मशीनवर बसून एक शिवण मारायला घेतली.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मान तिरकी झाली.

"अडखळतं," तो म्हणाला.

"काय अडखळतं?"

"तुमचं मशीन. फिरता फिरता मधेच एक 'टक' येतं."

"माझं मशीन? बावीस वर्षांत एकदा नाही अडखळलं. सासूबाईंच्या वेळी नाही अडखळलं."

"समोर ऐकू येत होतं, पण वाटलं कबुतर असेल."

"कबुतरच आहे."

"टक."

"तुमच्या कानात पंप बसलाय सकाळपासून."

"टक. हा बघा. परत. टक."

"वन्सं, तुम्हाला ऐकू येतंय का काही?"

"मला माझं गाणं ऐकू येतं," नणंद म्हणाली. "बाकीच्यात मला ओढू नका."

"हळू चालवा," टिकटिक म्हणाला. "अगदी हळू. आणि पाय थांबवू नका. मी सांगेन तेव्हा थांबवा."

शिंपीणबाईने पाय हळू केला, तोंडावर विजय आधीच पसरलेला. चाक सावकाश फिरलं. चामड्याचा पट्टा वर गेला, वळला, खाली आला. म्हातारा डोळे मिटून बसलेला.

"थांबा."

ती थांबली. वाकून बघितलं. पट्ट्याचा सांधा बरोबर चाकावर येऊन थांबला होता, आणि सांध्यातल्या तारेचा एक पाय सुटून नखाएवढा वर आला होता. पट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला तो चाकावर आपटत असणार. एकदा. टक.

तिने खूप वेळ त्या तारेकडे बघितलं. मग पक्कड शोधायला पेटी उघडली.

"आजच सुटली असेल," ती पेटीत तोंड घालून म्हणाली.

"अकरा दिवस झाले," म्हातारा म्हणाला, आणि बिस्कीट घेतलं.